फ्लिप: फोनच्या आधीचं लाल बटण

मोबाइलने कॅमकॉर्डर संपवला, असं आपण सहज बोलून जातो. ते खरंही आहे, पण त्यात मधला एक कॅमेरा विसरला जातो. खिशातून काहीतरी काढायचं, लाल बटण दाबायचं, व्हिडिओ सुरू. ही सवय अमेरिकेत अनेकांना फोनच्या आधी त्यानेच लावली. नाव फ्लिप.

सुरुवात मजेशीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्युअर डिजिटल कंपनीने २००५ साली एकदाच वापरायचा कॅमकॉर्डर काढला. सीव्हीएस या औषधांच्या दुकानांत तो साधारण ३० डॉलरला मिळे. शूट करा, कॅमेरा दुकानात परत द्या, वेगळे पैसे भरून डीव्हीडी घ्या. हॅकर मंडळींनी केबल जुळवून व्हिडिओ थेट कॉम्प्युटरवर उतरवले. झालं, परत द्यायला जातंय कोण! २००७ मध्ये आलेल्या फ्लिपमध्ये मात्र कंपनीने हीच सोय स्वतःहून दिली. कडेचं बटण सरकवलं की यूएसबीचा प्लग टपकन बाहेर यायचा. तो कॉम्प्युटरला लावायचा, बस. टेप नाही, केबल नाही, मेनूंचं जंगल नाही. लागणारं सॉफ्टवेअरही कॅमेऱ्यातच.

याचं मला फार कौतुक आहे. प्रॉडक्टमध्ये फीचर घालायला कुणीही तयार असतं. काढायचं म्हटलं की मीटिंगमध्ये भांडणं होतात. फ्लिपवाल्यांनी ती भांडणं जिंकली असणार.

मार्च २००९ मध्ये सिस्कोने ही कंपनी ५९ कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये आयफोन ३जीएस आला. व्हिडिओ घेणारा पहिला आयफोन. सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने आयपॉड नॅनोतही व्हिडिओ कॅमेरा बसवला. १२ एप्रिल २०११ ला सिस्कोने फ्लिप बंद केल्याचं सांगितलं. सुमारे ५५० नोकऱ्या गेल्या.

आता गंमत बघा. ३जीएसचा व्हिडिओ ६४० बाय ४८०चा होता, तर फ्लिपचं मिनो एचडी मॉडेल २००८ पासूनच ७२०पी घेत होतं. चित्रात फ्लिप सरस होता. शिवाय प्यूच्या पाहणीनुसार २०११ च्या मे महिन्यातही जेमतेम ३५ टक्के प्रौढ अमेरिकनांकडे स्मार्टफोन होता. म्हणजे बहुतेकांच्या हाती फोन पोचण्याआधीच फ्लिप मिटला.

माझ्या मते तो अडला त्या लाडक्या प्लगपाशी. फ्लिपमधला व्हिडिओ घरी येऊन कॉम्प्युटरमधूनच पुढे जायचा. फोनवाला मात्र उभ्या जागेवरून यूट्यूबवर टाकून मोकळा. आणि मालक कोण, तर सिस्को. राउटर आणि स्विच विकून मोठी झालेली, नेटवर्क जोडणं हाच धंदा असलेली कंपनी! दोन वर्षं हातात असूनही तिने नेटला जोडलेला एकही फ्लिप बाजारात आणला नाही.

तसा कॅमेरा तयार होता, हे जास्त लागतं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये तेव्हा तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या डेव्हिड पोगने नंतर सांगितलं की त्याचं नाव फ्लिपलाइव्ह होतं. वायफायवरून तो थेट प्रक्षेपण करणार होता आणि बंदच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी बाजारात येणार होता.

संस्थापक जोनाथन कॅप्लन तोवर सिस्कोतून बाहेर पडला होता. त्याच वर्षी त्याने सॅन फ्रान्सिस्कोत ग्रिल्ड चीज सँडविचचं दुकान काढलं.