विनोदी साहित्याची मुक्त श्राव्य पुस्तके

विनोदी साहित्याची मुक्त श्राव्य पुस्तके म्हणजे प्रताधिकाराची मुदत संपलेल्या विनोदी लेखांची, कथांची व कवितांची ध्वनिमुद्रणे होत. ती कोणालाही विनामूल्य ऐकता येतात, उतरवून घेता येतात आणि इतरांना देता येतात. इंग्रजीतील अशा ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह लिब्रिव्हॉक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने उभा केला आहे. मराठीतील जुने विनोदी साहित्यही आता मोठ्या प्रमाणात प्रताधिकारमुक्त झाले असल्याने अशा पुस्तकांना मराठीतही वाव आहे.

मोफत आणि मुक्त

'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द समानार्थी नाहीत. पैसे न देता ऐकता येणारे ध्वनिमुद्रण मोफत असते. परंतु त्याची प्रत काढणे, ते शाळेच्या संग्रहात ठेवणे किंवा त्याचा भाग दुसऱ्या कार्यक्रमात वापरणे यासाठी हक्कधारकाची परवानगी लागू शकते. मुक्त ध्वनिमुद्रणाला अशी परवानगी लागत नाही. त्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात: मूळ संहिता प्रताधिकारमुक्त असली पाहिजे आणि वाचनाचे ध्वनिमुद्रणही मुक्त केलेले असले पाहिजे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे स्वतंत्र प्रताधिकार असतो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या लेखाचे आजचे वाचन आपोआप मुक्त होत नाही. अनुवादालाही मूळ कृतीहून वेगळा प्रताधिकार असतो.

लिब्रिव्हॉक्स

लिब्रिव्हॉक्सची स्थापना ह्यू मॅकग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे केली. वाचक घरच्या घरी ध्वनिमुद्रण करतात व त्यासाठी मानधन घेत नाहीत. संहिता बहुधा प्रोजेक्ट गटेनबर्गमधून घेतली जाते आणि तयार ध्वनिमुद्रणे इंटरनेट आर्काइव्हवर एमपी३ स्वरूपात ठेवली जातात. प्रत्येक ध्वनिमुद्रण तपासण्यासाठी दुसरा स्वयंसेवक ते ऐकतो. गाळलेली ओळ, दोनदा वाचलेले वाक्य, नको असलेला आवाज अशा चुका तो नोंदवतो. वाचकाच्या उच्चारपद्धतीवर किंवा शैलीवर मात्र तो शेरा देत नाही. त्यामुळे वाचनाचा दर्जा सारखा नसतो. अनेक लोकप्रिय पुस्तकांची एकाहून अधिक वाचने उपलब्ध असल्याने श्रोत्याला निवड करता येते.

संग्रहातील विनोदी साहित्य

या संग्रहात जेरोम के. जेरोम यांचे 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) व 'आयडल थॉट्स ऑफ अ‍ॅन आयडल फेलो' (१८८६), कॅनडाचे लेखक स्टीफन लीकॉक यांचे 'लिटररी लॅप्सेस' (१९१०) व 'नॉनसेन्स नॉव्हेल्स' (१९११), एडवर्ड लियर यांचे 'अ बुक ऑफ नॉनसेन्स' (१८४६) आणि लुईस कॅरल यांचे 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' (१८७६) या पुस्तकांचा समावेश आहे. लिब्रिव्हॉक्सच्या साप्ताहिक काव्य उपक्रमात एकच कविता अनेक वाचक आपापल्या पद्धतीने वाचतात. एकाच ओळीतील विनोद विरामाच्या जागेनुसार कसा खुलतो किंवा विरतो, याची तुलना त्यातून करता येते.

श्राव्य रूपाचे गुण व मर्यादा

लियर यांच्या पाच ओळींच्या कवितांतील यमक आणि कॅरल यांनी घडवलेले निरर्थक शब्द कानाने अधिक चांगले कळतात. जेरोम यांच्या निबंधांची बोलकी, विषयांतरे करीत जाणारी शैलीही वाचून दाखवण्यास सोयीची आहे. दुसरीकडे, लियर यांनी स्वतः काढलेली चित्रे हा त्यांच्या विनोदाचा अर्धा भाग असून तो श्राव्य रूपात गळून पडतो. मराठीतील सभंग श्लेषाबाबत वेगळी अडचण येते. तेथे एकच अक्षरमाला दोन ठिकाणी तोडून दोन अर्थ निघतात. वाचकाने एका ठिकाणी विराम घेतला की दुसरा अर्थ झाकला जातो.

मराठी विनोदी साहित्य आणि प्रताधिकार

भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीचा प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. या नियमानुसार राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे 'बाळकराम' या टोपणनावाने लिहिलेले लेख आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे 'सुदाम्याचे पोहे' हे साहित्य प्रताधिकारमुक्त आहे. चिंतामण विनायक जोशी यांचे निधन १९६३ मध्ये झाल्याने चिमणराव व गुंड्याभाऊ यांच्या त्यांनी लिहिलेल्या कथा १ जानेवारी २०२४ पासून भारतात मुक्त झाल्या. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे साहित्य २०६१ मध्ये मुक्त होईल.

लिब्रिव्हॉक्स अमेरिकेचा कायदा पाळते आणि इतर देशांतील श्रोत्यांनी आपापल्या देशाचा कायदा तपासावा असे सुचवते. जुन्या पुस्तकांसाठी अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदत मोजली जाते. त्यामुळे दोन्ही देशांतील चित्र काही वेळा उलटसुलट दिसते. आचार्य अत्रे यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह १९२५ मध्ये प्रसिद्ध झाल्याने अमेरिकेत मुक्त आहे. अत्रे यांचे निधन १९६९ मध्ये झाल्याने भारतात मात्र त्याचा प्रताधिकार २०२९ अखेरपर्यंत आहे. पी. जी. वुडहाऊस (मृत्यू १९७५) यांच्या 'माय मॅन जीव्ह्‌ज' (१९१९) या कथासंग्रहाची स्थितीही अशीच आहे. उलट, जोशी यांची १९३०च्या दशकातील पुस्तके भारतात मुक्त असूनही अमेरिकेत २०२६ ते २०३५ या काळात टप्प्याटप्प्याने मुक्त होतात.

दृष्टिहीन वाचक

मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात स्वतंत्र सवलत दिली आहे. तिच्या अटींनुसार प्रताधिकार शिल्लक असलेल्या पुस्तकाचेही श्राव्य रूप त्यांच्यासाठी तयार करता येते. याच हेतूने झालेल्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. मात्र अशी ध्वनिमुद्रणे सर्वसामान्य श्रोत्यांना वाटता येत नाहीत. प्रताधिकारमुक्त साहित्याच्या मुक्त ध्वनिमुद्रणांत हा भेद राहत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी आणि त्याचा वर्गमित्र एकच प्रत ऐकू शकतात.

हे सुद्धा पाहा

मराठी विनोदी साहित्य
प्रताधिकार
विडंबन
श्लेष अलंकार
प्रोजेक्ट गटेनबर्ग