सौरवातातील इलेक्ट्रॉनांच्या मोजणीचा इतिहास

सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा अखंड प्रवाह वाहत असला पाहिजे, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ साली गणिताने दाखविले. पुढील चार वर्षांतच त्याचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. या प्रवाहात धन आयन व इलेक्ट्रॉन यांचे भार तुल्यबळ असतात. तरीही प्रथम मोजले गेले ते आयनच. इलेक्ट्रॉनांची पाळी उशिरा आली.

ग्रिंगाउझ यांनी १९५९ साली सोव्हिएत लूना यानांवर जे कण-सापळे पाठविले, त्यांत संग्राहकापुढे सुमारे २०० व्होल्ट ऋण दाबाची जाळी होती. सूर्यप्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात; ते जागीच रोखावेत व बाहेरचेही परतवावेत, हा तिचा हेतू. म्हणजे इलेक्ट्रॉन हा तेथे शोधाचा विषय नव्हे, तर अडथळा होता. १९६२ च्या मरिनर-२ वरील विश्लेषकानेही धन आयनच मोजले.

अडचण खरोखरच मोठी होती. सौरवातातील प्रोटॉनाची ऊर्जा सुमारे एक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते व तो सूर्याच्या दिशेनेच येतो. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा जेमतेम दहाच्या आसपास, आणि त्याचा औष्णिक वेग प्रवाहाच्या वेगाहून अधिक असल्याने तो सर्व दिशांनी येतो. उन्हातील यान स्वतः काही व्होल्ट धनभारित होते. त्यामुळे त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन पुन्हा त्याच्याकडेच ओढले जातात आणि उपकरणाच्या तोंडाशी घरचे व बाहेरचे यांची सरमिसळ होते.

ही सरमिसळ सोडवून पहिली तपशीलवार मोजणी केली ती १९६७ साली सोडलेल्या व्हेला-४ उपग्रहांनी; आणि ते उपग्रह होते अण्वस्त्रचाचण्यांवर पाळत ठेवणारे! वक्र पट्ट्यांमधील दाब बदलीत एकेका ऊर्जेचे कण निवडणारे विश्लेषक त्यांवर होते. माँटगोमेरी, बेम व हुंडहाउझेन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे एक लक्ष केल्विनच्या घरात होते, व ते उष्णता सूर्यापासून दूर वाहून नेत होते. पुढे १९७५ मध्ये शीत गाभा व उष्ण प्रभामंडल असे त्यांचे दोन गट स्पष्ट झाले.

१९८० नंतरच्या दशकात आलेल्या टोपीच्या आकाराच्या विश्लेषकाने एका प्रतलातील ३६० अंश एकदम टिपता येऊ लागले. १९९४ च्या विंड यानावर तोच आहे. २०१८ साली निघालेले पार्कर यान मात्र स्वतःभोवती फिरत नाही, त्यामुळे त्यावर कणांची दिशा विद्युत्क्षेत्राने वळवावी लागते. शिवाय कमी ऊर्जेच्या नोंदींतून यानाचे स्वतःचे इलेक्ट्रॉन वजा करण्याचे काम तेथेही चुकलेले नाही.