आप्रवास व परदेशी नागरिक कायदा, २०२५

परदेशी नागरिकांचे भारतात येणे, राहणे आणि इथून जाणे यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा. केंद्रीय गृहराज्यमंत्री नित्यानंद राय यांनी ११ मार्च २०२५ रोजी लोकसभेत विधेयक मांडले. लोकसभेने ते २७ मार्चला, राज्यसभेने २ एप्रिलला मंजूर केले. ४ एप्रिलला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून कायदा लागू झाला. कोणत्या व्हिसाला किती मुदत, किती शुल्क हे त्यात शोधू नये. ते सरकारने आपल्या हाती ठेवले आहे.

या कायद्याने चार जुने कायदे मोडीत निघाले: भारतात प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करणारा १९२०चा, परदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा १९३९चा, परदेशी व्यक्तींविषयीचा १९४६चा आणि विमान व जहाज कंपन्यांवर जबाबदारी टाकणारा २०००चा. पहिले तीन ब्रिटिश अमदानीतले. वसाहतकाळाचे ओझे उतरवले, असे सरकारने सांगितले. पण १९४६च्या कायद्याचा कणा नव्यातही शाबूत आहे. आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचे, हा नियम तसाच आहे. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात मान्य केले होते. त्या अधिकारालाही धक्का लागलेला नाही. राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक आरोग्य, दुसऱ्या देशाशी संबंध अशा कारणांवरून प्रवेश नाकारता येतो आणि आप्रवास अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. विधेयक मांडतानाच काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी ते मूलभूत हक्कांना बाधक असल्याचा आक्षेप घेतला. त्यात तथ्य होते: संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांचे संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही. देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, या आशयाचे उत्तर गृहमंत्री अमित शहा यांनी चर्चेत दिले.

शिक्षेच्या कलमांत बदल झाला तो मुख्यतः रुपयांत. वैध पासपोर्ट वा व्हिसाविना प्रवेश केल्यास कैद पूर्वीप्रमाणेच ५ वर्षांपर्यंत आहे. दंड मात्र ५० हजारांवरून ५ लाखांपर्यंत गेला. बनावट कागदपत्रांसाठी जुन्या कायद्यात २ ते ८ वर्षे कैद आणि १० ते ५० हजार दंड होता. आता २ ते ७ वर्षे आणि १ ते १० लाख. म्हणजे तुरुंगवासाची कमाल मुदत वर्षभराने उतरली, हे ‘कडक कायदा’ अशा मथळ्यांखाली कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. व्हिसाची मुदत संपूनही राहणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद वा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरा पालट आहे तो पाळतीच्या जाळ्यात. आजवर सरकारी आदेशांवर चालणाऱ्या आप्रवास विभागाला, म्हणजे ब्युरो ऑफ इमिग्रेशनला, प्रथमच कायद्याचा आधार मिळाला. हॉटेलमालक, विद्यापीठे आणि रुग्णालये यांनी परदेशी पाहुणा, विद्यार्थी, रुग्ण यांची माहिती द्यायची, हे विखुरलेल्या नियमांतले कर्तव्य एका कायद्यात आले. गोव्यात गेस्ट हाउस चालवणाऱ्याला हे काम नवे नाही. कळंगुट असो वा पाळोळे, परदेशी पाहुण्याने बॅग खाली ठेवली की पासपोर्टचे पान आणि व्हिसा स्कॅन करायचा, आधी कुठे होता नि पुढे कुठे जाणार ते विचारायचे आणि २४ तासांच्या आत सगळे ऑनलाइन भरायचे. धंद्यातल्या बोलीत हा ‘सी-फॉर्म’. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला सर्वसाधारणपणे १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. विमान कंपन्यांना प्रवाशांची यादी आगाऊ द्यावी लागते आणि कागदपत्रांविना प्रवासी आणल्यास दंड ५ लाखांपर्यंत जातो. परदेशी गुन्हेगार वा बेकायदा स्थलांतरित वावरतात अशा क्लब, हॉटेलसारख्या जागा बंद करण्याचा अधिकारही प्रशासनाला आहे.

अडवणारी कलमे संसदेत चर्चेला आली; सूट मात्र गृह मंत्रालयाच्या आदेशाने दिली गेली. १ सप्टेंबरलाच निघालेल्या सवलत आदेशानुसार अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट मिळाली. नागरिकत्वाची तारीख दहा वर्षांनी पुढे गेली, असा याचा अर्थ अनेकांनी लावला. तो चुकीचा आहे. नागरिकत्व सुधारणा कायद्याची ३१ डिसेंबर २०१४ ही मुदत बदललेली नाही, या आदेशाने फक्त राहण्याबद्दल खटला टळतो. नेपाळ व भूतानच्या नागरिकांची मोकळीक कायम राहिली, मात्र ते चीन, मकाव, हाँगकाँग वा पाकिस्तानमार्गे येत असल्यास नाही. कोण परदेशी हे ठरवणाऱ्या आसामातील परदेशी नागरिक न्यायाधिकरणांना त्याच दिवशीच्या वेगळ्या आदेशाने प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार मिळाले.

निर्वासित अशी वेगळी कायदेशीर वर्गवारी या कायद्यातही नाही. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे कोणाला आसरा द्यायचा हे गटागटाने ठरते. ९ जानेवारी २०१५पर्यंत आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमीळ सवलत आदेशात आहेत, नोंदणी झालेले तिबेटीही आहेत. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळच्या नॉर्गेलिंग वसाहतीतले तिबेटी याच वर्गातले. रोहिंग्या या यादीत नाहीत.