आल्फ्रेड वॉलिस : आठवणीतला समुद्र रंगवणारा दर्यावर्दी

१/ ऑगस्ट १९२८. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आयव्ह्ज हे मच्छीमारांचे बंदर. बेन निकोल्सन व क्रिस्टोफर वुड हे दोन तरुण चित्रकार एका गल्लीतून जात असता उघड्या दारातून त्यांची नजर आत गेली. भिंतीवर जहाजांची चित्रे मोठमोठ्या खिळ्यांनी ठोकलेली होती. त्या घरात सत्तरी ओलांडलेले आल्फ्रेड वॉलिस एकटेच राहत. चित्रकलेचे कोणतेही शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते.

२/ वॉलिस यांचा जन्म १८५५ चा, डेव्हनपोर्ट या बंदरातला. तारुण्यात त्यांनी शिडाच्या जहाजावरून अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंतची सफर केली; पुढे किनाऱ्यालगतच्या मासेमारीवर पोट भरले. १८७६ मध्ये त्यांनी सुझन वॉर्ड या विधवेशी विवाह केला. ती त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठी होती. १८९० मध्ये कुटुंब सेंट आयव्ह्जला आले आणि वॉलिस यांनी जुने दोर, शिडांचे कापड, लोखंड अशा भंगाराचा व्यापार मांडला.

३/ हा व्यवसाय एका मावळत्या युगाची साक्ष होता. तारलीच्या जातीतला पिलचर्ड मासा ही या बंदराची लक्ष्मी. तिचे येणे घटत गेले. शिडांची जागा वाफेने घेतली. १८७७ मध्ये रेल्वे आली आणि तिच्यामागून हवापालटासाठी येणारे प्रवासी व चित्रकारही आले. जो समुद्र कोळ्यांचे शेत होता, तो पाहुण्यांचा देखावा होऊ लागला.

४/ १९२२ मध्ये सुझन वारली. तीन वर्षांनी, एकटेपणाला सोबत म्हणून, वॉलिस यांनी कुंचला हाती घेतला. समोर दिसणारे बंदर त्यांना रंगवायचे नव्हते. पूर्वी जे होते आणि पुन्हा दिसणार नाही, ते त्यांना नोंदवून ठेवायचे होते.

५/ त्यांची साधनेही बंदरातलीच. जहाजांना व घरांना लावतात तो साधा रंग आणि वाण्याकडून आलेले पुठ्ठे. पुठ्ठा तिरपा कापलेला असला, तर तो सरळ करण्याऐवजी ते चित्रच त्याच्या आकारात बसवीत. कित्येकदा पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंग तसाच सोडून देत. तोच जहाजाचे अंग होई. हिरवा, काळा, पांढरा, करडा, तपकिरी एवढ्या मोजक्या रंगांत त्यांचा सारा समुद्र सामावला.

६/ यथादर्शनाचे नियम त्यांनी पाळले नाहीत. पण त्यांची मांडणी स्वैर नव्हती. जे महत्त्वाचे, ते मोठे. म्हणून जहाज घरांहून थोर दिसते आणि दीपगृह टेकडीहून उंच. बंदर वरून पाहिल्यासारखे, तर नौका बाजूने. खलाशी वाट अशीच लक्षात ठेवतो: खुणांनी, धोक्यांनी, वळणांनी. डोलकाठ्या व शिडे मात्र ते जाणत्याच्या हाताने रेखाटीत.

७/ निकोल्सन यांना या चित्रांत आधुनिक कलेला हवी असलेली निर्मळता दिसली. लंडनच्या टेट कलादालनात काम करणारे जिम ईड यांच्याकडे पुठ्ठ्यांची पुडकी टपालाने जाऊ लागली. ईड त्यांतील चित्रे काही शिलिंगांना एक या दराने विकत घेत. वॉलिस यांचे नाव कलावर्तुळात पोहोचले. शेजारीपाजारी मात्र त्यांना विक्षिप्त म्हातारा समजत, आणि दारिद्र्य काही हटले नाही.

८/ बेवारस गरिबांच्या थडग्यात पुरले जाण्याची त्यांना धास्ती होती. १९४१ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्यांना मॅड्रन येथील निराधारगृहात नेण्यात आले. तेथेही ते चित्रे काढीत राहिले. २९ ऑगस्ट १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. कलाक्षेत्रातील मित्रांनी धावपळ करून ती एक भीती तरी खरी होऊ दिली नाही.

९/ सेंट आयव्ह्जच्या बार्नून दफनभूमीत, समुद्राकडे पाहणाऱ्या उतारावर त्यांची कबर आहे. प्रसिद्ध कुंभकार बर्नार्ड लीच यांनी घडवलेल्या फरशांनी ती झाकलेली असून, तीवर एक लहानसा माणूस भल्यामोठ्या दीपगृहाच्या दारात शिरताना दाखवला आहे. इथेही माणूस लहान आणि दीपगृह मोठे. वॉलिस यांनी रंगवले असते तसेच.

१०/ १९९३ मध्ये त्याच उताराखाली, पोर्थमिअर किनाऱ्यावर टेटचे नवे कलादालन उभे राहिले. ईड यांनी जमवलेली शंभराहून अधिक चित्रे आज केंब्रिजच्या केटल्स यार्डमध्ये आहेत. जगाने त्यांना आधुनिक कलेत स्थान दिले. ज्याने ती काढली, त्याच्या लेखी ती बुडत चाललेल्या एका जगाची नोंदवही होती.