किशोरवयीनांसाठी गोळाफेक प्रशिक्षण

गोळाफेक हा मैदानी स्पर्धांमधील एक क्रीडाप्रकार असून त्यात धातूचा जड गोळा एका हाताने जास्तीत जास्त दूर टाकला जातो. नावात 'फेक' हा शब्द असला तरी गोळा चेंडूसारखा फेकला जात नाही. तो मानेजवळून पुढे व वर ढकलला जातो. किशोरवयीन खेळाडूंच्या प्रशिक्षणात हा फरक मूलभूत मानला जातो. सांध्यांची सुरक्षितता आणि मिळणारे अंतर या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

नियम व साधने

गोळा २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळातून टाकला जातो. वर्तुळाच्या पुढील कडेवर सुमारे १० सेंटीमीटर उंचीचा स्टॉप बोर्ड बसवलेला असतो. खेळाडू त्याच्या आतील बाजूस पाय टेकवू शकतो. मात्र त्याच्या वरच्या पृष्ठभागास स्पर्श झाल्यास प्रयत्न बाद ठरतो. गोळा ३४.९२ अंशांच्या क्षेत्रात पडावा लागतो. तो जमिनीवर पडेपर्यंत खेळाडूने वर्तुळ सोडायचे नसते आणि नंतर मागील अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचे असते.

नियमानुसार सुरुवातीला गोळा मानेला किंवा हनुवटीला टेकलेला अथवा अगदी जवळ असावा लागतो. क्रिया सुरू असताना हात त्या स्थितीपेक्षा खाली येऊ देता येत नाही, तसेच गोळा खांद्यांच्या रेषेमागे नेता येत नाही.

गोळ्याचे वजन

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांसाठी ७.२६ किलोग्रॅम व महिलांसाठी ४ किलोग्रॅम वजनाचा गोळा वापरतात. २० वर्षांखालील गटात ही वजने अनुक्रमे ६ व ४ किलोग्रॅम, तर १८ वर्षांखालील गटात ५ व ३ किलोग्रॅम असतात. नवशिक्यांना स्पर्धेच्या वजनापेक्षा हलका गोळा किंवा मेडिसिन बॉल देणे हितावह असते. गोळा झेपत नसल्यास कोपर आपोआप खाली पडते, पाठ मागे वाकते आणि चुकीची सवय जडते. किशोरवयात हाडांच्या टोकांजवळील वाढीचा भाग पूर्ण पक्व झालेला नसतो. त्यामुळे वारंवार पडणारा अतिरिक्त ताण कोपर, मनगट व खांद्यास अपायकारक ठरू शकतो.

पकड व कोपराची स्थिती

गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळांशी ठेवला जातो. मधली तीन बोटे गोळ्यामागे आधार देतात, तर अंगठा व करंगळी बाजूंनी तोल सांभाळतात. गोळा जबड्याखाली मानेला टेकवून कोपर बाहेरच्या बाजूस उचललेले ठेवतात. मातीने माखलेल्या गोळ्याचा ठसा तळहाताच्या मध्यभागी उमटल्यास पकड चुकल्याचे लगेच लक्षात येते.

कोपर खाली पडले की ते गोळ्याच्या पुढे जाते आणि ढकलण्याऐवजी फेकण्याची क्रिया घडते. अशा वेळी सर्व भार कोपराच्या आतील बाजूवर येतो. ही नवशिक्यांमधील सर्वांत सामान्य व सर्वांत धोकादायक चूक आहे.

शिकवण्याचा क्रम

प्रशिक्षणात शेवटची क्रिया प्रथम शिकवली जाते. आरंभी फेकीच्या दिशेकडे तोंड करून, उभ्याने, केवळ हात व छातीने गोळा ढकलण्याचा सराव होतो. त्यानंतर पॉवर पोझिशन शिकवतात. उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा पाय वर्तुळाच्या मध्याजवळ व डावा पाय स्टॉप बोर्डजवळ असतो. शरीर फेकीच्या दिशेपासून वळलेले आणि भार वाकलेल्या उजव्या पायावर असतो. तेथून पाऊल, गुडघा, कंबर, छाती, खांदा, हात आणि शेवटी मनगट व बोटे या क्रमाने जोर पुढे पोहोचतो. या वेळी शरीराची डावी बाजू स्थिर ठेवली जाते. हाताने घाई केल्यास पायांची ताकद वाया जाते.

हे साधल्यावर वर्तुळाच्या मागील भागातून सरकत येण्याची ग्लाइड पद्धत शिकवतात. फेकीच्या दिशेकडे पाठ करून सुरुवात करण्याची ही शैली अमेरिकेच्या पॅरी ओब्रायन यांनी रूढ केली. त्यांनी १९५२ व १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. गिरकी घेण्याची चक्राकार पद्धत वापरून सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोव्ह यांनी १९७६ मध्ये २२.०० मीटरचा जागतिक विक्रम केला. या पद्धतीत तोल सांभाळणे कठीण असल्याने ती सामान्यतः उभ्याने गोळा टाकण्याचे तंत्र पक्के झाल्यावर हाती घेतली जाते.

वेग व कोन

अंतर हे गोळा सुटतानाचा वेग, कोन व उंची यांवर ठरते. त्यांत वेगाचा वाटा सर्वांत मोठा असतो. गोळा जमिनीपासून उंचावर सुटतो, शिवाय कोन वाढवल्यास वेग घटतो. म्हणून अनुकूल कोन ४५ अंशांपेक्षा बराच कमी असतो.

मैदानावरील सुरक्षितता

* प्रतीक्षेतील सर्व विद्यार्थी वर्तुळाच्या मागे, सुरक्षित अंतरावर थांबतात.
* क्षेत्र रिकामे असल्याची खात्री झाल्यावर प्रशिक्षकाच्या इशाऱ्यानेच गोळा टाकला जातो.
* गटाने सराव करताना सर्वजण एकाच दिशेने गोळा टाकतात. समोरासमोर उभे राहून सराव केला जात नाही.
* सर्वांचे गोळे टाकून झाल्यावरच ते आणण्यास परवानगी दिली जाते. गोळा हातात उचलून आणतात; तो परत फेकत किंवा घरंगळवत नाहीत.
* ओला गोळा पुसून घेतात व निसरड्या वर्तुळात सराव थांबवतात.

सरावापूर्वी खांदे, मनगटे, कंबर व पाय यांचा व्यायाम करून शरीर तापवले जाते. थकव्याने कोपर खाली येऊ लागल्यास किंवा सांध्यात वेदना जाणवल्यास त्या दिवसाचा सराव थांबवणे योग्य ठरते.