नीमा पारखाचीं दहा कलमें

गांवांत नवा माणूस आला कीं त्याला पहिल्याच दिवशीं दोन प्रश्न विचारण्याची आपली जुनी चाल आहे : ‘कोण तुम्ही?’ आणि ‘कोणाकडे उतरलांत?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत कूळ, गांव आणि धंदा येतो. दुसऱ्याच्या उत्तरांत जामीन येतो. अमक्याचे पाहुणे म्हटलें म्हणजे पाहुण्याच्या बऱ्यावाईट वर्तनाची जोखीम त्या अमक्यावर पडते, आणि गांव निश्चिंत होतें. परंतु हा रिवाज वसलेल्या गांवाचा झाला. जें गांव अजून वसावयाचें आहे, ज्याला किल्ला आहे पण सावकार नाहीं, बंदर आहे पण गलबतें नाहींत, तेथें हा संवाद उलटा होतो. तेथें वेशीवर उभा राहिलेला नवखाच यजमानाला विचारतो कीं, ‘आपण कोण? आणि मीं कोणाच्या भरंवशावर आंत यावें?’ मुंबई शहराच्या आरंभकाळीं अशा एका उलट्या ओळखीचा कागद झाला. तो कंपनीच्या दप्तरांत टिकला आणि पुढें मुंबईच्या गॅझेटियरकारांनीं छापलाही. दीव बंदराच्या नीमा पारख नांवाच्या वाण्यानें १६७७ सालीं इंग्रजांपुढें ठेवलेलीं दहा कलमें तीं हींच.

कलमांकडे वळण्यापूर्वीं त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढें आणली पाहिजे. १६६१ च्या विवाहकरारानें हें बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आलें. प्रत्यक्ष ताबा १६६५ सालीं मिळाला. आणि तीनच वर्षांनीं राजानें तें वर्षाला दहा पौंडांच्या खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरांत टाकलें. राजाला तें जड झालें होतें. नारळीच्या बागा, भातखाचरें, भरतीच्या पाण्यानें सात तुकडे होणारी जमीन, कोळ्यांचे आणि भंडाऱ्यांचे पाडे, पोर्तुगीजांचीं देवळें आणि एक जुना वाडा, एवढ्यावर शहर म्हणवत नाहीं. हवाही अशी घातक कीं दोन पावसाळे काढणें म्हणजे माणसाचें आयुष्य काढणें, अशी म्हण तेव्हांच्या गोऱ्यांत पडली होती. जेराल्ड ऑन्जियर १६६९ सालीं सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष झाला व त्याबरोबर मुंबईचा गव्हर्नरही झाला. या दलदलींत शहर उभें राहील असें मनापासून वाटणारा तो बहुधा पहिलाच अधिकारी. त्यानें न्यायकचेऱ्या काढल्या, १६७२ सालीं बेटावरच्या जमीनदारांशीं वर्षाला वीस हजार शेराफिनांचा ठराव करून जमिनीचे तंटे मिटविण्याची वाट काढली, आणि किल्ल्याचें काम चालविलें. हें सर्व त्याच्या हातचें होतें. हातचें नव्हतें तें एकच : माणसें. तट मजुरी देऊन बांधवितां येतो. सावकार मजुरीनें येत नाहीं.

आणि सावकार सुरतेंत बसले होते. सुरत १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं लुटली, १६७० च्या ऑक्टोबरांत पुन्हां लुटली, आणि मोंगली सुभ्याचें छत्र किती पातळ आहे हें तेथल्या पेढ्यांना दोनदां कळलें. दुसऱ्या लुटीनंतर वर्ष उलटतें न उलटतें तोंच, १६७१ सालीं, सुरतेच्या वाणी महाजनांनीं ऑन्जियरकडे चौकशी केली कीं, आम्हीं मुंबईस आलों तर आम्हांस कोणत्या सवलतींची हमी मिळेल? मराठी वाचकाला यांत एक गंमत दिसेल. मुंबईच्या व्यापारी भरभराटीचा पाया घालण्याचें श्रेय इंग्रजांना देण्याची रीत आहे. पण सुरतेच्या शेटियांना मुंबईची वाट दाखविण्यांत मराठ्यांच्या घोडदळाचाही वांटा कांहीं थोडाथोडका नव्हता.

नीमा पारख मात्र सुरतेचा नव्हे, दीवचा. पारख हें नांवच नाण्यांची पारख करणाऱ्या धंद्यांतून आलें आहे, आणि या गृहस्थानें आयुष्यांत नाणीं किती पारखलीं तें असो, मुंबई त्यानें खासच पारखून पाहिली. त्याचीं कलमें अर्जासारखीं लाचार नाहींत आणि मुजोरही नाहींत. ‘मी अमुक, माझी पत तमुक’ असें आत्मवर्णन त्यांत कोठेंही नाहीं. तरी दहा कलमें वाचून संपलीं कीं माणूस पुरता ओळखीचा होतो, कारण माणसाची खरी ओळख त्याला कशाची भीति वाटते यावरून पटते.

पहिलें कलम साधें आहे : गांवांत किंवा गांवालगत घर आणि वखार बांधण्यापुरती जागा बिनभाड्यानें द्यावी. दुसरें सर्वांत लांब, आणि त्यांतच सगळा जीव आहे. आपल्या घरांत आपला धर्म निर्वेध पाळतां यावा. आपल्या वाड्यांत ख्रिस्ती अथवा मुसलमान कोणी राहूं नये, आणि तेथें कोणीं जीवहत्या करूं नये. प्रेतें आपल्या रीतीनें जाळतां यावींत, लग्नें आपल्या विधीनें व्हावींत. कोणत्याही वयाच्या, स्त्री वा पुरुष, आपल्या माणसाला बळानें ख्रिस्ती केलें जाऊं नये, आणि कोणाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध ओझीं वाहवूं नयेत. पोर्तुगीज राज्यांत राहिलेल्या माणसाच्या लेखणींतून हीं वाक्यें सहज उतरलीं असतील. त्या राज्यांत बाप मेलेल्या हिंदु मुलांना बाप्तिस्मा देण्याचा राजाचा हुकूम १५५९ सालीं निघाला होता. ‘कोणत्याही वयाच्या’ हे शब्द ज्यानें घातले त्याच्या डोळ्यांपुढें पोरकीं मुलें असलीं पाहिजेत असें मला वाटतें. मेल्यावर आपल्या लेकराचें काय होईल, हा प्रश्न घर बांधण्याच्या प्रश्नाला लागूनच त्यानें मांडला आहे.

तिसऱ्या कलमांत तो पहारा आणि गस्त यांतून सुटका मागतो, व सरकारनें किंवा कोणा अंमलदारानें आपल्याकडून बळजबरीनें कर्ज काढूं नये असें बजावतो. चौथ्यांत अब्रू आहे : कोणाशीं तंटा झाला तर आधीं सूचना दिल्यावांचून चारचौघांत धरून तुरुंगांत नेऊं नये, आणि वाण्यावाण्यांतला तंटा असेल तर तो आपसांत मिटविण्याची मोकळीक असावी. पुढच्या दोन-तीन कलमांत जहाजांची ये-जा, नांगरपट्टीची माफी, वर्षभरांत न खपलेला माल जकातीवांचून परत नेण्याची मुभा, बुडीत कुळाकडून आपलें येणें इतर वाण्यांच्या आधीं वसूल होण्याचा हक्क, असा चोख व्यापारी मजकूर आहे. शेवटचें मागणें स्वजातीयांच्या तोंडचा घास आधीं आपल्याला मिळावा असें आहे, हें सांगितलेंच पाहिजे. धर्माच्या कलमांत ‘आम्ही’ म्हणणारा हा गृहस्थ वसुलीच्या कलमांत चटकन् ‘मी’ होतो.

आठव्या कलमांत लढाईच्या वेळीं माल, द्रव्य आणि कुटुंब सुरक्षित ठेवण्यासाठीं किल्ल्यांत एक वखार मागितली आहे. १६६८ सालीं मस्कतच्या अरबांनीं दीव लुटलें होतें. त्या लुटीला नऊ वर्षें झालीं होतीं. आठवण बुजण्याइतका तो काळ नव्हे. नववें कलम वाचतांना मला नेहमीं हंसूं येतें, आणि लागलीच तें ओसरतें. गव्हर्नराच्या भेटीस गेल्यावर आपणांस आदरानें वागवावें, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें बसावयास मिळावें. घोडे, गाड्या, पालख्या, छत्र्या वापरण्यास आडकाठी नसावी. नोकरांना तरवार-खंजीर बाळगतां यावे. परगांवचे आप्त भेटीस आले तर त्यांच्याशींही सभ्यपणें वागावें. ज्या देशांत पालखी आणि अबदागीर हे सरकारच्या मर्जीचे मान होते, तेथें ‘बसावयास मिळावें’ हें मागणें क्षुल्लक नव्हे. दारांत उभें राहावें लागणें म्हणजे काय तें दाराशीं उभा राहिलेलाच जाणतो. आणि दहावें कलम? नारळ, सुपारी, विड्याचीं पानें वगैरे, ज्यांचा मक्ता दिलेला नाहीं असा माल बेटावर मोकळेपणीं घेतां-विकतां यावा. किल्ला, धर्म, अब्रू यांवरून फिरत फिरत कागद शेवटीं पानसुपारीवर येऊन थांबतो.

कंपनीच्या मुंबईकर मंडळानें या कलमांवर सुरतेस अनुकूल अभिप्राय पाठविला. जमीन रिकामी पडली आहे, ती देण्यांत कंपनीचें नुकसान कांहींच नाहीं, उलट एवढा मोठा व्यापारी आला तर त्याच्यामागून दुसरे येतील. धर्माची मोकळीक तर येथें निरनिराळ्या लोकांना रोज मिळतेच आहे. नांगरपट्टीची रक्कम ती केवढी! एकंदर सूर असा कीं, मागतो त्यांतलें बरेंचसें आम्ही देतच आहों. मग नीमा पारखानें तें लिहून कां मागितलें? आज चालू असलेला रिवाज उद्यां गव्हर्नर बदलला कीं बदलतो, एवढें त्याला कळत होतें म्हणून. त्याचा अंदाज चुकला नाहीं. ऑन्जियर त्याच वर्षीं जूनच्या अखेरीस सुरतेंत वारला. १६८३ च्या डिसेंबरांत कॅप्टन केग्विननें बंड करून कंपनीचाच अंमल बेटावरून वर्षभर उठविला. १६८९ सालीं सिद्दी याकूब उतरला व किल्ल्याबाहेरचें जवळजवळ सगळें बेट त्यानें व्यापलें. मागोमाग रोगराई आली. ऑन्जियरच्या काळीं डॉक्टर फ्रायरनें वस्तीचा अंदाज साठ हजारांचा केला होता. १७१५ च्या सुमाराचा दुसरा अंदाज सोळा हजारांचा आहे. दोन्ही अंदाजच, शिरगणती नव्हे. तरी शहराच्या पाळण्याची दोरी कितीदां तुटतां तुटतां राहिली हें त्यांवरून दिसतें.

आपल्याकडेही पेठ वसवितांना कौल देण्याची पद्धत होती. पुण्याच्या पेठा तशाच वसल्या : शेटे-महाजन नेमावे, उदमी लोकांना कांहीं वर्षें पट्टी व जकात माफ करावी, पेठ जमली कीं हळूहळू कर बसवावा. परंतु कौलांत बोलतें तें सरकार. येणारा तो कौल डोक्याला लावून घेतो. नीमा पारखाच्या कागदांत बोलतो तो येणारा. या फरकाचें कारण शोधावयास लांब जाणें नको. एका बाजूस परका, नवखा, पैशाची गरज असलेला राज्यकर्ता, आणि दुसऱ्या बाजूस कोणत्याही बंदरांत आपली पत चालेल हें पक्कें ठाऊक असलेला वाणी. खरें पाहतां मुंबईंत दोघेही नवखेच होते. ज्यांचें तें घर होतें, त्यांना कोणींच कांहीं विचारलें नाहीं.

येथें मला त्या तिसऱ्या कलमाकडे पुन्हां वळावेंसें वाटतें. नीमा पारख रात्रीं पहारा करणार नाहीं, ठीक; मग करणार कोण? कंपनीनें बेटावर भंडाऱ्यांची फौज उभारली होती, ती करणार. त्याचीं माणसें ओझीं वाहणार नाहींत. पण तटाचे दगड तर वर चढलेच. खुरशेदजी पोचाजी पांडे या पारशी गृहस्थानें तटबंदीच्या कामाला मजूर आणि टोपल्या पुरविल्या, असा उल्लेख सांपडतो. पुरविणाऱ्याचें नांव राहिलें. टोपली ज्यांच्या डोक्यावर होती त्यांनीं कोणतीं कलमें घातलीं असतीं? जागेचें पहिलें कलम त्यांचेंही असतें, आणि दुसऱ्या कलमांतलें ओझ्याचें वाक्य त्यांनीं सर्वांच्या वर लिहविलें असतें. पण ज्याला दुसऱ्या बंदरीं जातां येतें त्याच्याच अटी ऐकल्या जातात.

आणि दुसऱ्या कलमांतलें तें कुंपण! आपल्या वाड्यांत परधर्मी कोणी राहूं नये ही अट १६७७ सालीं भ्यालेल्या माणसाची अट होती, व तिच्याबद्दल नीमा पारखाला दोष देणें अन्यायाचें होईल. मात्र मुंबई पुढें जी वाढली ती अशाच वाड्यावाड्यांनीं आणि मोहल्ल्यांनीं वाढली, आणि भीति गेली तरी कुंपण राहिलें. काहीं वर्षांपूर्वीं या शहरांत भाड्याच्या जागेसाठीं मीं हिंडत होतों, तेव्हां एका सोसायटींत ‘काय करतां?’ असें मला कोणीं विचारलेंच नाहीं, ‘काय खातां?’ असें विचारलें. उत्तर ऐकून जागा आदल्या दिवशींच गेल्याचें समजलें. जिना उतरतांना मला दीवच्या त्या वाण्याची आठवण झाली. त्याचें तें कलम त्याच्या हातांत ढाल होतें; या गृहस्थांच्या हातांत तें दुसरेंच कांहीं झालें होतें.

कलमें न घालतां आलेल्या माणसांत एकाची हकीकत मात्र नीट राहिली आहे. १७३५ च्या सुमारास कंपनीचा डडली नांवाचा अधिकारी जहाज बांधवून घेण्यासाठीं सुरतेस गेला होता. तेथें धनजीभाई नांवाच्या कारागिराच्या हाताखालीं लवजी नसरवानजी हा तरुण पारशी मुकादम काम करी. त्याचें काम पाहून डडलीनें त्याला मुंबईस चलण्याचा आग्रह केला. लवजीनें जागा मागितली नाहीं, खुर्ची मागितली नाहीं. आपल्या धन्याची संमति घेतल्यावांचून येणार नाहीं एवढेंच तो म्हणाला. ती मिळाल्यावर थोडे सुतार बरोबर घेऊन तो मुंबईस आला. ‘कोण तुम्ही?’ याचें उत्तर त्यानें सागवानांत दिलें. १७५० सालीं मुंबईंत सुकी गोदी तयार झाली. तिच्यांत आणि तिच्या शेजारच्या गोद्यांत वाडियांच्या पिढ्यांनीं जहाजें बांधलीं, आणि ती जुनी गोदी नौदलाच्या आवारांत अजून आहे.