मतदान गुप्त असावे, उमेदवार नव्हे

निवडणुकीचे जाणकार म्हणवणाऱ्यांत एक मत आता जवळजवळ निर्विवाद झाले आहे. मतदार प्रश्नांवर मत देत नाही. तो माणूस बघतो, जात बघतो, चिन्ह बघतो, अडीअडचणीला कोण दारात आले होते ते बघतो. मग आरक्षण, धरण, रिफायनरी यांवर उमेदवाराने आपली भूमिका सांगत बसावे कशाला? सांगितली की चार मते जोडली जातात आणि सहा तुटतात. निवडून गेल्यावर त्याला पक्षादेशच पाळायचा असतो, तेव्हा त्याच्या मताला किंमत ती काय? यापुढे जाऊन असेही म्हणतात की मोघमपणा हे कौशल्यच आहे, कारण परस्परविरोधी हितसंबंधांची माणसे त्याशिवाय एका पक्षात नांदणार नाहीत.

हा पूर्वपक्ष हलका नाही. त्याला गोव्याचा दाखलाही देता येतो. डिसेंबर १९६३ मध्ये तिथे पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) गोव्याच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाची भूमिका थेट पक्षाच्या नावातच घातली होती. डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष तितक्याच उघडपणे वेगळ्या गोव्याच्या बाजूने उभा होता. मगो सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला गेला, विलीनीकरणाला फूल आणि वेगळेपणाला दोन पाने अशी चिन्हे ठेवून. गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण फेटाळले गेले. आणि दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी विधानसभेसाठी पुन्हा मगोलाच निवडले, बांदोडकरच पुन्हा मुख्यमंत्री झाले.

झाले! जाणकार म्हणणार, पक्षाची मुख्य भूमिका जानेवारीत नाकारायची आणि मार्चमध्ये तोच पक्ष निवडायचा, याचा अर्थ भूमिकेला मते पडतच नाहीत.

घटनाक्रम खरा आहे, निष्कर्ष उलटा आहे. मगोच्या १९६३ च्या मतांमध्ये विलीनीकरणाखेरीज बरेच काही होते. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनीवर राबणारी कुळे होती, त्याच जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार होते, पोर्तुगीज राजवटीत शाळा आणि नोकऱ्यांपासून दूर राहिलेला बहुजन समाज होता. (त्यांचा नेता स्वतः खाणमालक होता, हा गोव्याच्या राजकारणातला एक मजेशीर योग.) मगोचे मत म्हणजे विलीनीकरणाचे मत नव्हे, असे विरोधकांना ठासून म्हणता आले, कारण मगोला नेमके काय हवे आहे ते पहिल्या दिवसापासून जगजाहीर होते. बांदोडकरांनी १९६३ मध्ये या प्रश्नावर मौन पाळले असते आणि बहुमत हाती आल्यावर विलीनीकरण पुढे आणले असते, तर विरोधकांना जागे व्हायलाच उशीर झाला असता. त्यांना तीन वर्षे मिळाली. तेवढ्यात स्वतंत्र कौलाची मागणी उभी राहिली आणि संसदेला त्यासाठी कायदा करावा लागला. मार्चपर्यंत तो प्रश्न निकालात निघाला होता. मगोच्या उरलेल्या भूमिका मतदाराला पसंत होत्या, त्याने त्यांना मत दिले. प्रश्नांवर मत देणे याहून वेगळे काय असते?

भूमिका सांगितल्याने समर्थकांपेक्षा विरोधकांचे अधिक भले होते, आणि उमेदवाराला ती सांगावीशी वाटत नाही तेही म्हणूनच. पण मतदाराच्या बाजूने पाहिले तर तेवढ्याचसाठी ती मिळायला हवी.

चर्चा इथवर आली की अठराव्या शतकातल्या ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कचे नाव निघतेच. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने सांगितले की प्रतिनिधी त्यांना आपली विवेकबुद्धी देणे लागतो, त्यांच्या हुकमाची ताबेदारी नव्हे. पण बर्कने हुकूम नाकारला होता, मत झाकून ठेवण्याची सवलत मागितली नव्हती. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचा विरोध असताना आयर्लंडच्या व्यापारावरचे निर्बंध सैल करण्याची बाजू त्याने घेतली आणि १७७८ मध्ये ती पत्रे लिहून छापून मांडली. १७८० मध्ये पराभव समोर दिसला तेव्हा त्याने ब्रिस्टलमधून माघार घेतली. आपले मौन बर्कच्या नावावर खपवणाऱ्या आपल्याकडच्या उमेदवारांना गोष्टीचा हा शेवट कोणीतरी सांगायला हवा.

पक्षादेशाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. १९८५ मध्ये घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी-खासदारकी धोक्यात आली. तरी पक्षादेश बांधतो तो सभागृहातल्या मतदानापुरता. तारांकित प्रश्न विचारणे, लक्षवेधी सूचना देणे, समितीत बोलणे, पक्षाच्या बैठकीत आदेश निघण्याआधी भांडणे, हे सारे आमदाराच्या हाती उरतेच. तिथे तो काय करील, हे त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यावरून कळत नाही.

कोणाबरोबर बसणार, हीदेखील भूमिकाच आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेला भाजप आणि शिवसेना युती करून लढले. निकालानंतर मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली. अडीच-अडीच वर्षांचे ठरले होते असे एका बाजूचे म्हणणे, तसे काही ठरलेच नव्हते असे दुसऱ्या बाजूचे. जे ठरले किंवा ठरले नाही ते प्रचारात मतदारापुढे मांडले गेले नव्हते. म्हणून तेव्हापासून आणि शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीनंतरही प्रत्येक गट जनादेश आपलाच असल्याचे सांगू शकला, आणि कोणालाच खोटे पाडता आले नाही.

भूमिका सांगण्याची कायद्याने सक्ती करावी असे मी म्हणत नाही. मग ती पाळली की मोडली याचे खटले चालतील आणि मतदाराचे काम न्यायाधीशांकडे जाईल. मत बदलण्याचीही मोकळीक हवी, बदल आणि त्याचे कारण सांगण्याच्या अटीवर. ‘या प्रश्नावर माझे अजून ठरलेले नाही’ हेही मला चालणारे उत्तर आहे, कारण निदान त्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो.

आजची व्यवस्था पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे उमेदवार शपथेवर आपले गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण सांगतो. बायकोच्या अंगावरचे सोने किती ग्रॅम, हेही त्या प्रतिज्ञापत्रात सापडते. तो कशाच्या बाजूने आहे, याला त्यात रकानाच नाही. पक्षांचे तरी काय? २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपचा जाहीरनामा आला ७ एप्रिलला. त्या दिवशी आसाम आणि त्रिपुरात पहिल्या टप्प्याचे मतदान चालू होते. मतदानाआधीच्या ४८ तासांत जाहीरनामा काढू नये, असे निवडणूक आयोगाला २०१९ मध्ये सांगावे लागले. हे बंधनही पक्षांच्या जाहीरनाम्यापुरते आहे. मतदारसंघात हात जोडून फिरणाऱ्या उमेदवाराला आपली भूमिका अमुक तारखेच्या आत सांग, असे कोणीच म्हटलेले नाही.